बिनबाह्यांचं जाकीट: कुणी घातलं, कुणी शिवलं

लग्नसराई जवळ आली की घराघरांतून एक मागणी सुरू होते. नवरदेवाला कुडत्यावर जाकीट हवं. करवल्याच्या भावाला हवं, मामांना हवं, आणि चार वर्षांच्या भाच्यालासुद्धा तेच हवं. निवडणूक आली की पांढऱ्या कपड्यांवर जाकीट चढतं. सत्कार असला की आधी जाकीट, मग शाल. बाह्या नाहीत, कापड थोडं, तरी अंगात घातलं की माणूस वेगळाच दिसायला लागतो. आजच्या गप्पांत आम्ही या जाकिटाचा इतिहास सांगणार आहोत. ते कुठून आलं, कुणी घातलं, आणि मुख्य म्हणजे कुणी शिवलं. शेवटी ते निवडावं कसं आणि घालावं कसं, हेही बोलू.

सुरुवात करू १६६६ सालापासून. हे साल आपल्याला पाठ आहे. याच वर्षी शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले. त्याच वर्षी तिकडे दूर इंग्लंडात काय चाललं होतं? आदल्या वर्षी लंडनमध्ये प्लेगनं हजारो माणसं गेली होती. सप्टेंबर १६६६ मध्ये शहराला मोठी आग लागली, चार दिवस जळत राहिली आणि शहराचा मोठा भाग राख झाला. गादीवर होता दुसरा चार्ल्स. लोक होरपळलेले आणि दरबारी मात्र फ्रान्सच्या राजाची नक्कल करत लेस, फिती, झालरींवर पैसा उधळणारे. तेव्हा ऑक्टोबरमध्ये राजानं जाहीर केलं, की आता मी एक साधा, ठराविक पोशाख घालणार आणि तो बदलणार नाही. त्या पोशाखात कोटाच्या आत घालायचा एक लांब अंगरख्यासारखा कपडा होता. त्याला तिकडे ‘वेस्ट’ म्हणाले. आजच्या वेस्टकोटाचा हा पूर्वज.

हे आपल्याला इतकं नेमकं कसं कळतं? सॅम्युअल पीप्स नावाचा नौदलाच्या कचेरीतला एक अधिकारी रोजनिशी लिहायचा. गंमत म्हणजे तो एका शिंप्याचा मुलगा होता, त्यामुळे कपड्यांकडे त्याची नजर बारीक. ८ ऑक्टोबर १६६६ च्या नोंदीत त्यानं लिहून ठेवलंय, की यातून सरदारांना काटकसर शिकवण्याचा राजाचा विचार आहे. पुढच्या आठवड्यात राजानं तो कपडा घातलासुद्धा. जॉन एव्हलिन नावाच्या दुसऱ्या रोजनिशीकारानं तर या पोशाखाला इराणी पद्धतीचा म्हटलंय. म्हणजे ज्याला आपण पक्का साहेबी कपडा समजतो, त्याची कल्पना त्या साहेबांनीच पूर्वेकडून उचलली होती. राजा हा नेम पाळणार नाही म्हणून दरबाऱ्यांनी पैजाही लावल्या. पैजा लावणारे फारसे चुकले नाहीत. काटकसर काही वर्षांतच विरली आणि कपडा तेवढा मागे राहिला.

याच चार्ल्स राजाचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी, त्याचं लग्न ठरलं, तेव्हा १६६१ च्या करारानं त्याला आंदणात मुंबई मिळाली. पुढे १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. त्याच कंपनीच्या मागोमाग कोट, पाटलोण आणि वेस्टकोट आपल्याकडे आले.

पण बिनबाह्यांचा किंवा आखूड बाह्यांचा, अंगाला बसणारा कपडा आपल्याकडे नव्हता असं मुळीच नाही. आपली बंडी होतीच. शेतात वाकायचं, मोट हाकायची, ओझं उचलायचं, तर लांब बाह्या आडव्या येतात. बंडीत हात मोकळे राहतात आणि छाती-पाठ झाकलेली राहते. बाराबंदी होती, तिचं नावच तिच्या बंदांवरून पडलंय. अंगरख्यालाही बंद असायचे. आपले जुने कपडे बांधायचे होते, साहेबाचे कपडे लावायचे होते. बंद बांधायचे असले, की माणूस जाड झाला किंवा बारीक झाला तरी कपडा सांभाळून घेतो. काज-बटण आलं, की कपडा नेमक्या मापाचा लागतो. आणि नेमकं माप लागलं, की शिंपी लागतो. म्हणून वेस्टकोटाची गोष्ट ही शिंप्याचीही गोष्ट आहे.

तिकडे पुढच्या शंभर वर्षांत वेस्टकोट वरून चढत गेला. आधी गुडघ्यापर्यंत होता, मग मांडीपर्यंत, शेवटी कमरेपर्यंत आला. श्रीमंतांच्या वेस्टकोटावर रेशमी भरतकाम असायचं. फुलं, वेली, पक्षी, जरीचे टिपके. हे भरतकाम कापड कापायच्या आधीच करत. सपाट कापडावर दोन्ही पुढांचा आकार आखायचा, खिशांची पट्टी आखायची, बटणांचे गोलसुद्धा आखायचे, आणि त्यावर भरायचं. ते कापड तसंच विकायला जायचं. गिऱ्हाइकानं विकत घेतलं, की त्याच्या मापानं शिंपी कापून शिवायचा. हे भरणारे हात पुष्कळदा बायकांचे असत.

आणि एक मजा पाहा. पुढच्या बाजूला रेशीम, पण पाठीला साधं, स्वस्त कापड. कारण वर कोट असायचा, पाठ दिसायचीच नाही. म्हणजे पुढून नवाब आणि मागून गरीब! आजही साहेबी वेस्टकोटाची पाठ अस्तराच्याच कापडाची असते आणि तिला ओढून घट्ट करायला बक्कल असतं, ते त्या जुन्या काटकसरीमुळेच. खिशातलं घड्याळ आलं, तसा वेस्टकोटाचा छोटा खिसा घड्याळाचा झाला आणि पोटावरून साखळी लोंबू लागली. आपल्याकडच्या जुन्या फोटोंतले वकील, मामलेदार, सावकार आठवा. डोक्याला पगडी, आणि छातीवर ती साखळी.

आता आपल्या कामाचा भाग. हे सगळं शिवलं कुणी?

युरोपात शिंप्यांच्या पंचायती होत्या. कोण काय शिवू शकेल हे त्या ठरवत. पॅरिसमध्ये बायका फार पूर्वीपासून शिवत होत्या, पण चोरून. पकडल्या गेल्या तर दंड आणि माल जप्त. शेवटी १६७५ मध्ये राजा चौदाव्या लुईनं बायकांना स्वतःची पंचायत काढायला परवानगी दिली. पण अट घातली. बायकांनी बायकांचे आणि लहान मुलांचे कपडे शिवावेत. मोठ्या पुरुषांचे कपडे शिंप्यांकडेच राहणार. आता आपल्या बाजारपेठेतल्या पाट्या आठवा. एका दुकानावर ‘जेन्ट्स टेलर’, दुसऱ्यावर ‘लेडीज टेलर’. आपल्या गावातला शिवणवर्ग आठवा. परकर, ब्लाउज, झबलं, टोपडं. तो पॅरिसचा हुकूम आपल्या गावाला कुणी लागू केला नव्हता, पण रेघ तीच आहे. आणि या रेघेच्या पलीकडच्या कपड्याची शिलाई जास्त मिळते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

लंडनमध्ये गोष्ट थोडी निराळी झाली. तिथे शिंपीकामाची वाटणी झाली. कोट शिवणारे वेगळे, पाटलोण शिवणारे वेगळे, वेस्टकोट शिवणारे वेगळे. वेस्टकोट लहान आणि हलका, मांडीवर घेऊन घरी शिवता येतो, म्हणून तो पुष्कळसा बायकांकडे आला. ऐकायला बरं वाटतं. पण काय भावानं? १८४९ मध्ये हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकारानं लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रासाठी गरीब कामकऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांची हकिकत लिहिली. त्यात वेस्टकोट शिवणाऱ्या बायकाही होत्या. नगावर मजुरी. दोरा स्वतःचा. रात्री शिवायला मेणबत्ती लागायची, तीही स्वतःची. काम घेऊन जायचं आणि पोचवायला जायचं, त्या वेळेचा पैसा नाही. मधे दलाल असायचा, तो आपला वाटा काढून घ्यायचा. अंगात वेस्टकोट घालून जो साहेब जेवायला बसायचा, त्याला त्या मेणबत्तीचा पत्ताही नव्हता.

मैत्रिणींनो, यातलं काय बदललं? मेणबत्तीच्या जागी विजेचं बिल आलं. घरी बसून काज करणाऱ्या, बटणं लावणाऱ्या, हातशिलाई करणाऱ्या, दोरे कापणाऱ्या आपल्या किती तरी बहिणींना आजही नगावरच पैसे मिळतात. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही संघटना उभी केली, तेव्हा त्यांना हेच सांगावं लागलं, की घरी बसून काम करणारी बाईसुद्धा कामगार आहे. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

आता आपल्या मातीत येऊ. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे कपडा म्हणजे माणसाची जात, पैसा आणि दरबारातली जागा सांगणारी पाटीच होती. मार्च १८८८ मध्ये पुण्यात इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव, ड्यूक ऑफ कॅनॉट, यांच्या सन्मानाचा समारंभ झाला. सगळे भरजरी कपड्यांत, दागिन्यांत. महात्मा जोतीराव फुले तिथे गेले ते शेतकऱ्याच्या साध्या वेशात. आणि बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, की इथे जमलेली ही श्रीमंती म्हणजे देश नव्हे, खरा देश खेड्यात राहतो, त्याच्या शिक्षणाची सोय करा. तेच शब्द भरजरी अंगरख्यातून आले असते तर तितके लागले नसते.

१९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवत आणि शिवणकामही शिकवत. ज्या काळात विधवा बाई घराच्या कोपऱ्यात बसायची, त्या काळात हातात कात्री आणि पायाखाली मशीन येणं ही लहान गोष्ट नव्हती. कारण ज्या हाताला चार पैसे मिळतात, त्या हाताला घरात विचारलं जातं.

मग खादी आली. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. सूत कातणाऱ्या बहुतेक बायका. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले यांनी तर १९१८ मध्येच गांधीजींचं मराठीतलं चरित्र लिहिलं होतं, आणि पुढे त्या खादीच्या कामात रमल्या. गांधीजींनी स्वतः १९२१ मध्ये मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून फक्त पंचा ठेवला. पण कार्यकर्त्यांच्या अंगावर खादीचं धोतर, खादीचा सदरा आणि त्यावर खादीचं जाकीट दिसू लागलं. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. उभ्या पट्टीच्या गळ्याच्या बिनबाह्यांच्या त्या जाकिटाला पुढे त्यांचंच नाव चिकटलं. जवाहर जाकीट. उत्तरेत त्याला सदरी किंवा वास्कटही म्हणतात. साहेबाच्या वेस्टकोटाचा गळा खोल आणि पुढून टोकदार, कारण आतला टाय दिसायला हवा. आपल्या जाकिटाला टाय दाखवायचाच नव्हता, म्हणून गळा बंद झाला. आणि वरून कोट नव्हता, म्हणून पाठही पुढच्याच कापडाची झाली.

आणखी एक पोशाख आपण विसरायचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोट, टाय आणि कोटाच्या आत वेस्टकोट. कुणी म्हणेल, देश खादी घालत होता तेव्हा हे साहेबी कपडे कशाला? पण ज्या समाजाला चांगला कपडा घालायचीच बंदी होती, त्याला साधेपणाचा उपदेश कोण करणार? साधेपणा निवडायला आधी हक्क लागतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी मुद्दाम वेगळे बोलले. जातीची खूण पटवणारे जाड दागिने टाका, लुगडं नीट पायघोळ नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. लुगडं नेसायच्या पद्धतीत काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. कुणी काय घालायचं हे दुसरे ठरवत असतील, तर ते आपल्या मर्जीनं घालणं हीसुद्धा लढाई असते.

तर हा झाला इतिहास. आता कात्री हातात घेऊ. घरच्या माणसासाठी जाकीट घ्यायचं किंवा शिवायचं, तर आम्ही काय पाहतो?

पहिलं, ते कशावर घालणार हे आधी ठरवावं. कुडत्यावर घालायचं असेल तर माप कुडत्यावरूनच घ्यावं. उघड्या अंगावरून किंवा बनियनवरून घेतलेलं माप हमखास तंग होतं. बटणं लावून माणसाला खाली बसवावं. बटणांच्या मधे कापड ताणून फट पडली, तर सैल करायला हवं.

दुसरं, खांदा. बाह्या नसल्या की सगळी नजर खांद्यावर जाते. जाकिटाचा खांदा माणसाच्या खांद्यावरच संपावा. बाहेर लोंबला की मागून आणलेला वाटतो. मुंढा काखेत रुतू नये, पण इतका खोलही नको की बाजूनं कुडत्याचा बोंगा बाहेर येईल.

तिसरं, उंची. साहेबी वेस्टकोट पाटलोणीचा पट्टा झाकेल एवढाच असतो. मधून शर्ट डोकावला की तो आखूड. आपलं जाकीट मात्र कमरेखाली उतरतं. कुडता त्याच्या खाली चांगला दिसला पाहिजे. बुटक्या माणसाला फार लांब जाकीट दिलं, तर तो आणखी बुटका दिसतो.

चौथं, कापड. खादी किंवा सुती असेल तर कापायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं. नाही तर पहिल्या धुण्यात जाकीट धाकट्या भावाचं होतं. अस्तरही भिजवावं, कारण अस्तर आटलं आणि वरचं कापड नाही आटलं, तर कडा मुरडतात. पुढच्या पट्टीला आणि गळ्याला बकरम लावावं, म्हणजे गळा उभा राहतो. कुडता नक्षीचा असेल तर जाकीट साधं, आणि जाकीट भरजरी असेल तर कुडता साधा. दोन्ही बोलायला लागले की माणूस दिसत नाही.

पाचवं, बटणं. कोटाखालच्या वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायची रीत आहे. इंग्लंडचा सातवा एडवर्ड राजा पोटानं सुटलेला होता, त्याला ते लागत नव्हतं, आणि मग सगळेच तसं करू लागले, अशी गोष्ट सांगतात. आपल्या बंद गळ्याच्या जाकिटाला हा नियम नाही. सगळी बटणं लावली तरी छान, आणि उकाड्यात सगळी उघडी ठेवली तरी कुणी हसत नाही.

आणि सहावं, आत पाहावं. विकत घेताना जाकीट उलटं करून पाहा. काज नीट भरलंय का, टीप सरळ आहे का, शिवणीत पुढे सैल करायला दाब ठेवलाय का. बाहेरची चमक दुकानदाराची असते, आतली शिवण शिवणारणीची असते.

आता यातून आपल्या गटांनी काय घ्यायचं? जाकिटाला बाह्या नाहीत, त्यामुळे बाही बसवायचं सगळ्यात अवघड काम त्यात नाही. जिला अस्तराचं ब्लाउज नीट शिवता येतं, तिला जाकीट जड नाही. गळ्याची पट्टी, खिसा आणि काज एवढं हातात बसवावं लागतं. पहिलं जाकीट जुन्या चादरीचं शिवून पाहावं, चुका तिथे काढाव्यात. मग घरच्या माणसाचं शिवावं.

आणि भाव ठरवताना लंडनच्या त्या बायकांची आठवण ठेवावी. दोरा, बटणं, बकरम, वीज, मशीनचं तेल, जाण्या-येण्याचं भाडं आणि आपले तास. हे सगळं वहीत मांडावं, मगच आकडा सांगावा. एकटी बाई भाव सांगते तेव्हा घासाघीस होते. दहा जणी मिळून एकच भाव सांगतात तेव्हा गिऱ्हाईक विचार करतं. नगावर काम घेत असाल, तर दर आधी लिहून घ्यावा आणि दिलेल्या नगांची नोंद दोन्हीकडे असावी.

येत्या बैठकीत आपल्या गटात एवढंच विचारा, की पुरुषांचा कपडा आपल्यापैकी किती जणी शिवतात आणि ज्या शिवत नाहीत त्या का शिवत नाहीत. उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात ती सगळ्यांना ऐकवू. आज इथेच थांबतो. नमस्कार.